जॅकेट काही फाटेना

पूर्वी माणसं कपडे फाटू नयेत म्हणून जपत, आणि फाटलेच तर ते कुणाला दिसू नयेत म्हणून जपत. आता फाटलेलं दिसावं म्हणून पैसे मोजतात, आणि जितकं जास्त फाटलेलं तितके जास्त मोजतात. उद्या कुणी नुसती बटणं विकायला काढली आणि 'बाकीचा शर्ट काळाच्या ओघात गेला' असं सांगितलं, तर तीही दुप्पट भावाने खपतील. हे मत आमचं नाही. पाणीपुरवठा कचेरीच्या भांडारपालांचं आहे. आम्ही फक्त त्यांच्याशी सहमत आहोत.

भांडारपालांना कचेरीत एक मोठा अधिकार होता. खुर्ची, कपाट, पंखा, बादली यांपैकी काय निकामी झालं आणि काय बाद करायचं, हे त्यांनी ठरवायचं. असा अधिकार हाती आला की दुसरा एखादा सुटला असता. भांडारपालांनी मात्र उभ्या नोकरीत एक टाचणीसुद्धा बाद केली नव्हती. तीन पायांची खुर्ची समोर आली की ते तिला भिंतीला टेकवायचे, स्वतः बसून बघायचे आणि म्हणायचे, "अजून चालेल." म्हणून कचेरीत त्यांचं नावच 'अजून चालेल' पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्यात काहीही गैर वाटत नव्हतं.

अशा माणसासमोर त्यांच्या लेकीने एका संध्याकाळी मोबाइल धरला. पडद्यावर डेनिमचं एक जॅकेट होतं. कोपर फाटलेलं, कॉलर विरलेली, पाठीवर आठ-दहा रंगांची ठिगळं, आणि खाली किंमत.

"ही फ्रीजची किंमत इथे कशी आली?" भांडारपालांनी विचारलं.

"जॅकेटचीच आहे, बाबा. अस्सल जुनं आहे."

लेक एका बँडमध्ये गायची. शहरात जुन्या पॉप गाण्यांची स्पर्धा होती आणि वेशभूषाही त्या काळची हवी, असा नियम होता. म्हणजे जुनं, वापरलेलं, ठिगळांचं. लेकीने समजावून सांगितलं की त्या काळचे गायक मुद्दाम फाटकं घालायचे. श्रीमंतांच्या झगमगाटाला वेडावून दाखवायला. ऐकणारी पोरंही मग आपल्या जॅकेटवर आवडत्या बँडचे कापडी बिल्ले शिवून घ्यायची. ज्याच्या अंगावर जास्त ठिगळं, त्याने जास्त गाणी ऐकलेली.

"असं," भांडारपाल म्हणाले. "म्हणजे सगळ्यांहून वेगळं दिसायचं म्हणून सगळ्यांनी एकसारखं जॅकेट घालायचं. आमच्या शिपायांना गणवेश घाला म्हटलं की ते संप करतात. तुमच्या बंडखोरांना कुणी न सांगता घालतात."

लेक मोबाइल बंद करून वळली. वर्षापूर्वी तिच्या एका कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत कानात कापूस घालून बसले होते. कापूस त्यांनी लपवला असता तरी चाललं असतं, पण लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. तेव्हापासून तिने त्यांना एकाही कार्यक्रमाला बोलावलं नव्हतं आणि त्यांच्याकडे काही मागितलंही नव्हतं. आज वर्षानंतर ती मोबाइल घेऊन आपणहून समोर आली होती. ही संधी गेली तर पुन्हा यायची नाही, हे न कळण्याइतके ते खुळे नव्हते. म्हणून त्यांनी छाती पुढे काढली.

"असल्या चिंध्यांना एवढे पैसे द्यायचे नाहीत. नवं जॅकेट घेऊ. मी फाडून देतो."

"तुम्ही?" लेक म्हणाली.

"त्यात काय मोठं? फाडायला काय अक्कल लागते?"

हे वाक्य त्यांना पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

नवं जॅकेट आलं. इतकं नवं, की खुंटीला न अडकवता जमिनीवर उभं केलं तरी उभं राहिलं असतं. भांडारपालांनी ते ब्लीच पावडरच्या पाण्यात बुडवलं. बादली पांढरी पडली, त्यांची बोटं पांढरी पडली, जॅकेट होतं तसंच राहिलं. मग टाचा घासायची वजरी घेऊन ते कोपर घासत बसले. बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. संसारात असं काही न बोलता आत जाणं म्हणजे काय असतं, ते संसार केलेल्यांना सांगायला नको.

शेवटी समोरच्या घरातले निवृत्त इंजिनिअर मदतीला धावले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना कधीच कुणी बोलावत नाही, पण गल्लीत कुणाचं काही अडलं की ते त्यांना वासावरून कळतं. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी जॅकेटभोवती एक फेरी मारली.

"तुमची पद्धतच चुकतेय," ते म्हणाले. "घर्षण हातानं होत नसतं. घर्षणाला वेग लागतो. स्कूटरच्या मागे बांधा आणि एक चक्कर मारून या. वीस वर्षांची झीज वीस मिनिटांत."

"तुम्ही केलंय असं कधी?"

"मी पूल बांधलेत!" इंजिनिअर म्हणाले, आणि चहाचा कप रिकामा केला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी भांडारपालांनी दोरीने जॅकेट स्कूटरमागे बांधलं आणि निघाले. जग वाईट झालंय असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रयोग एकदा करून बघावा. रस्त्यावरचा एकूण एक माणूस त्यांचं जॅकेट वाचवायला धावला. "काका, मागे काहीतरी लोंबतंय!" असं ओरडत एक मोटरसायकलवाला चौकापर्यंत पाठीशी लागला. एका बाईंनी गाडी आडवी घातली. भांडारपाल प्रत्येकाला हात जोडून "माहीत आहे, माहीत आहे" म्हणत पुढे जात होते, आणि माहीत असूनही हा माणूस जॅकेट फरफटत नेतोय म्हटल्यावर लोक जास्तच घाबरत होते. चौकात वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली.

"मागे काय ओढताय?"

"जॅकेट."

"ते दिसतंय. का ओढताय?"

"जुनं करायचंय."

पोलिसाने आपलं नियमांचं पुस्तक बराच वेळ चाळलं. जनावर ओढण्याबद्दल त्यात होतं, लाकडाच्या ओंडक्याबद्दल होतं, जॅकेटबद्दल काही नव्हतं. मग त्याने आवाज खाली आणून मायेने विचारलं, "घरी मोठं कोणी आहे का?" घरी आपणच मोठे आहोत, हे सांगताना भांडारपालांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. पोलिसाने दोरी सोडली, जॅकेट झटकलं, छान घडी घातली आणि त्यांच्या हातात दिलं.

एवढं होऊन कोपराला लिंबाएवढं एकच भोक पडलं होतं. पण पडलं होतं! भांडारपालांनी जॅकेट धुऊन मानाने दोरीवर वाळत घातलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. संध्याकाळी येऊन बघतात तो भोक नाही. जॅकेटला इस्त्री झालेली, बाह्यांवर सुरीसारखी घडी.

"हे कुणी केलं?"

"कोण करणार?" बायको म्हणाली. "भोक पडलं होतं. शिवून टाकलं."

"अगं, ते मी पाडलं होतं!"

"मग काय झालं? तुम्ही भात सांडलात तरी मीच पुसते."

"ते फाटकंच हवंय. तशी फॅशन आहे."

"फॅशन त्यांच्या घरी. माझ्या घरातून पोर फाटकं घालून बाहेर पडली तर लोक मला विचारतील, तुम्हाला नाही. धुवून, शिवून, इस्त्री करून जाईल. मग गाऊ दे काय गायचं ते."

मुळात भांडारपालांचंही मनातून तेच मत होतं, आणि आपल्याच मताशी भांडणं फार अवघड जातं. त्यांनी बायकोची पाठ फिरल्यावर ब्लेडने तिची शिवण उसवली, आणखी तीन ठिकाणी भोकं पाडली, लेकीने दिलेले कापडी बिल्ले एका पुडीत बांधले आणि सगळं गुंडाळून रफूवाल्याकडे नेलं. ठिगळं लावायचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावं, हा विचार चांगलाच होता.

रफूवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. भोक गेलं कुठे, हे खुद्द मालकालाही शोधून सापडू नये, असं त्याचं काम. भांडारपालांनी त्याला सगळं नीट समजावलं. भोकांवर ठिगळं लावायची, ती दिसली पाहिजेत, दोरा वेगळ्या रंगाचा हवा, आणि पाठीवर हे बिल्ले, जरा वाकडेतिकडे.

"दिसली पाहिजेत?" रफूवाल्याने चष्म्यावरून पाहिलं.

"लांबूनसुद्धा."

"वाकडी?"

"वाकडी."

रफूवाल्याने भोकांवरून बोट फिरवलं. मग त्याच्या चेहऱ्यावर समजूतदार हसू आलं. साहेब संकोचाने बोलताहेत, चांगल्या कामाचे पैसे परवडत नसतील, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. "काळजी करू नका साहेब, करतो मी बरोबर," तो म्हणाला. हे वाक्य ज्या ज्या कारागिराने ज्या ज्या गिऱ्हाइकाला ऐकवलं, तिथे तिथे पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी भांडारपाल जॅकेट आणायला गेले. रफूवाल्याने ते उजेडात धरलं.

"शोधा."

भांडारपालांनी शोधलं. कोपर पाहिलं, खिसा पाहिला, आतून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. चारही भोकं नाहीशी झाली होती. स्कूटरमागे फरफटताना कॉलरवर पडलेला ओरखडासुद्धा गेला होता. बिल्ल्यांची पुडी रफूवाल्याने तशीच परत केली. "हे नाही लावले साहेब. चांगल्या कपड्यावर घाण दिसतं," तो म्हणाला.

आता इथे भांडारपालांनी कपाळावर हात मारायला हवा होता. पण आयुष्यभर जी वस्तू दुरुस्त होऊन आली तिच्याकडे बघून ज्या माणसाला आनंद झाला, त्याला ऐनवेळी दुःख कसं व्हावं? त्यांचे डोळे भरून आले. "वा!" ते म्हणाले. ठरल्याहून जास्त पैसे दिले. वाटेत दोन वेळा थांबून जॅकेट उघडून पाहिलं. घरी येऊन बायकोला दाखवलं, तर ती म्हणाली, "अगंबाई, कळतसुद्धा नाही!" दोघं नवरा-बायको खिडकीशी उभे राहून जॅकेट उलटसुलट करून बघत होते, आणि इतका एकोपा त्या घरात बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तेवढ्यात लेक गिटार घेऊन बाहेर आली.

तिने जॅकेट पाहिलं. मग आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. तेव्हा कुठे भांडारपालांना आठवलं की हे जॅकेट कशासाठी आणलं होतं.

"लावतो, आत्ता बिल्ले लावतो," ते म्हणाले.

"राहू दे, बाबा. गाडी आलीये," लेक म्हणाली, आणि जॅकेट न घेताच निघून गेली.

भांडारपाल जॅकेट आणि बिल्ल्यांची पुडी घेऊन स्कूटरवरून तिच्या मागोमाग नाट्यगृहावर पोचले. लेक वेशभूषा तपासायच्या टेबलापुढे उभी होती. तिच्या हातात जॅकेट दिलं तेव्हा तिने घेतलं, पण बघितलं नाही. तपासनीस बाईंच्या स्वतःच्या पँटचे दोन्ही गुडघे उघडे होते. त्यांनी जॅकेट हातात घेऊन नाक मुरडलं.

"हे नवं आहे."

"नवं दिसतंय फक्त," भांडारपाल पुढे झाले. "चांगलं चार ठिकाणी फाटलेलं होतं. स्कूटरमागे फरफटवलंय."

"कुठे फाटलंय, दाखवा."

"तेच तर! दाखवता येत नाही. फार सुंदर काम आहे."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

"वडील. पाणीपुरवठ्यात भांडारपाल. वस्तू निकामी झाली की नाही, हे ठरवणं माझंच काम आहे."

"मग अधिकारी माणूस आहात तुम्ही. तुमच्या शब्दावर सोडते मी. सांगा, हे जॅकेट झिजलेलं, विरलेलं, बाद करायच्या लायकीचं आहे का?"

'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. लेक शेजारी उभी होती, ड्रमवाला शेजारी उभा होता, सगळा बँड श्वास रोखून उभा होता. भांडारपालांनी जॅकेट हातात घेतलं, सवयीने शिवण ओढून पाहिली, सवयीने उजेडात धरलं, आणि सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "छे, छे! अजून पुष्कळ वर्षं चालेल."

बाईंनी नावापुढे फुली मारली. तुमचा नंबर येईपर्यंत नियमात बसेल असं काही घालून आलात तर ठीक, नाहीतर बाद, असं सांगून त्या पुढच्या बँडकडे वळल्या. ज्या माणसाने कधी काही बाद केलं नाही, त्याची लेक बाद व्हायची वेळ आली होती.

लेक चिडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी जा आता."

भांडारपाल घरी गेले नाहीत. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार असं म्हणतात. त्यांची अडचण उलटी होती. त्यांच्याकडे ठिगळांची पुडी होती आणि फाटलेलं काही नव्हतं. ते जॅकेट घेऊन रंगमंचामागच्या बोळात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका धडधाकट वस्तूवर तुटून पडले. किल्लीने ओरबाडलं, कठड्यावर घासलं, खिळ्याला अडकवून ओढलं. खिळा निघाला. मग त्यांनी कोपर दातात धरलं. त्यांचा नेमका तिथेच जोर लागला जिथे रफू होतं, आणि रफूवाल्याच्या हाताला दाद द्यायला हवी, एक धागा सुटला तर शपथ. शेवटी ड्रमवाला आला. बाही त्याने धरली, अंग भांडारपालांनी धरलं, दोघांनी पाय रोवले आणि ओढलं. रफू केलेलं तेवढं शाबूत राहिलं आणि कंपनीची शिवण गेली. अख्खी बाही ड्रमवाल्याच्या हातात आली आणि तो भिंतीवर आपटला.

"काका," तो घाबरून म्हणाला, "आता हे फाटलं नाही. आता हे सुटलं."

आतून एका बँडचं नाव पुकारलं. त्यानंतर लेकीच्या बँडचा नंबर. सुई नाही, दोरा नाही. भांडारपाल धावत पास वाटायच्या टेबलावर गेले. तिथे एक मोठा स्टेपलर होता आणि त्यामागे एक कारकून होता.

"जरा द्या," भांडारपाल म्हणाले.

"स्टेपलर टेबलावरून हलवता येणार नाही."

दुसऱ्या कुणाचा संताप झाला असता. भांडारपालांना मात्र एवढ्या गोंधळात पहिल्यांदा कुणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटलं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "हलवूच नये. जॅकेट टेबलावर आणायला काही हरकत?"

कारकुनाने विचार केला. तशी हरकत कुठे लिहिलेली नव्हती. भांडारपालांनी पासांची चवड बाजूला सारली आणि बाही जोडायला सुरुवात केली. खटाखट, खटाखट. बाही झाली, मग पुडीतले बिल्ले झाले, एक पाठीवर, एक खिशावर, घाईत एक काखेत. रांगेतले लोक पास घ्यायचे विसरून बघत राहिले. बाही किंचित उलटी बसली होती आणि पिनांची टोकं वर आली होती. आपल्या हातून इतकं गचाळ काम झाल्याची लाज वाटून भांडारपालांनी मान खाली घातली आणि जॅकेट नेऊन तपासनीस बाईंपुढे ठेवलं.

बाईंनी ते दूर धरलं, जवळ धरलं, डोळे मिटून हाताने चाचपलं आणि त्यांच्या बोटाला पीन टोचली.

"हं," त्या बोट चोखत म्हणाल्या. "आता यात वेदना आहे."

फुली खोडली गेली. लेकीने जॅकेट अंगात घातलं, एकदा बाबांकडे पाहिलं आणि रंगमंचावर गेली.

भांडारपाल पडद्याच्या कडेला उभे राहिले. तिथे उभं राहायला परवानगी आहे की नाही, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. ड्रम वाजला. लेकीने गाता गाता उजवा हात वर केला आणि बाहीच्या खांद्यावरच्या दोन पिना टपकन उडाल्या. भांडारपालांनी कठडा धरला. हात खाली आला, त्यांचा श्वास खाली आला. पुन्हा हात वर, पुन्हा एक पीन. असल्या गाण्यात माणसं उगाच हात वर करतात, हे त्यांचं मत जुनंच होतं, पण आज ते त्यांना जिवाच्या आकांताने पटलं. पिना दिव्यांत चमकत होत्या आणि समोर पोरं त्यावर शिट्ट्या मारत होती. शेवटच्या ओळीला लेकीने दोन्ही हात वर नेले आणि तिथेच धरून ठेवले. तीन पिना उरल्या होत्या. त्या धरून राहिल्या.

त्यांच्या बँडचा नंबर आला नाही. वेशभूषेसाठी खास उल्लेख झाला. दाढीवाल्या परीक्षकाने माइक हातात घेऊन सांगितलं की कार्यालयीन पिनांनी जोडलेलं हे जॅकेट म्हणजे यंत्रणेने चिरडलेल्या माणसाचा आक्रोश आहे. सभागृहात टाळ्या झाल्या. यंत्रणा पडद्याआड उभी राहून खाली पडलेल्या पिना वेचत होती.

लेक आत आली ती घामाघूम होऊन, आणि नाराजही. "गाण्याला काही नाही, जॅकेटला बक्षीस," ती म्हणाली. ओळखीचे लोक येऊन "छान झालं, छान झालं" म्हणत गेले. ती सगळ्यांना "थँक यू" म्हणत होती आणि तिचं लक्ष बाबांकडे होतं. शेवटी तिने विचारलंच.

"तुम्हाला कसं वाटलं गाणं?"

छान म्हटलं असतं तर निभावलं असतं. सगळेच म्हणत होते. पण खोटा शेरा त्यांनी तुटक्या खुर्चीला दिला नव्हता, तो लेकीला कसा देणार?

"खरं सांगू? मला काही ऐकूच आलं नाही," भांडारपाल म्हणाले. "तू हात वर केलास की माझा जीव वर जायचा. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मी नुसता बाहीकडे बघत होतो. दुसरीकडे नजरच गेली नाही."

लेकीने उरलेल्या तीन पिनांवरून बोट फिरवलं.

"बाही माझ्याच अंगावर होती, बाबा," ती म्हणाली.

भांडारपालांनी हातातल्या पिना उगाच मोजल्यासारख्या केल्या, खिशात टाकल्या आणि खाकरून म्हणाले, "पुढच्या वेळी मी सुई-दोरा आणतो."

"आणा," लेक म्हणाली, आणि गिटार त्यांच्या हातात दिली.